काशीद-फणसाडची सहल आणि वाळूतली रेघ

शिक्षक मित्रांनो, पालकहो, पक्षीनिरीक्षणाची सहल काढायची असेल तर मुरूड तालुक्यातल्या काशीद-फणसाडचा विचार जरूर करा. एकीकडे वाळूचा किनारा, लगेच डोंगरात जंगल. फणसाड हे पूर्वी जंजिरा संस्थानचं शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य आहे. जंगलात सकाळी लवकर शिरा. मुलांना आधी डोळे मिटून आवाज मोजायला सांगा. तांबट, हळद्या आधी ऐकू येतात, मग दिसतात.

पण खरा पाठ मला किनाऱ्यावर मिळाला. हिवाळ्यात वाळूवर कुरवांचा थवा बसला होता. मुलं ओरडत धावली, थवा उडाला, आणि मी (हो, मीच!) हौसेने फोटो काढला. एका विद्यार्थिनीने विचारलं, "बाई, ते परत बसत का नाहीत?" तेव्हा चूक कळली. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख, मध्य आशियाकडून येतात. परतीच्या प्रवासासाठी ते इथे खाऊन अंगात चरबी साठवतात. आपण उडवलं की ती फुकट खर्च होते.

आता मी थव्यापासून लांबच वाळूत काठीने रेघ ओढते. रेघेअलीकडे गुपचूप बसायचं, शेव-वेफर्स टाकायचे नाहीत.

पुस्तकातलं चित्र नेलंत तर मुलं विचारणारच, "तपकिरी डोकं कुठाय?" हिवाळ्यात डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त गडद ठिपका उरतो. तो ठिपका वहीत काढायला लावा.