विहिरीला पाणी आहे, पण मचूळ का?

प्रश्न : आमची विहीर कालव्याच्या खालच्या अंगाला आहे. आवर्तन सुटले की पाणी चढते, पण साबणाला फेस येत नाही, चवही मचूळ लागते. बोअर घ्यावी का?
– एक शेतकरी, वडगाव निंबाळकर

उत्तर : घाई करू नका. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकात आला आणि या पट्ट्यात बारमाही ऊस रुजला. कालव्याचा पाझर आणि उसाला पाजलेले जादा पाणी मुरते, म्हणून पातळी चढते. मुरताना ते जमिनीतले क्षार आणि खतातले नायट्रेट सोबत नेते. खाली काळा पाषाण आहे. निचरा नसेल तर क्षार तिथेच साचत जातात. फेस न येणे म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा. तो त्रासदायक, पण खरी भीती नायट्रेटची, कारण त्याला चव नसते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट थोडे दाटच होते. घरात तान्हे बाळ असेल तर तपासणी होईपर्यंत हे पाणी त्याला देऊ नका.

खोल बोअरला पाणी गोडच लागेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. पाणाड्या तर नाहीच. पातळी मात्र दर महिन्याला दोरी सोडून मोजा, वहीत लिहा. मे आणि ऑक्टोबरमध्ये नमुना प्रयोगशाळेत द्या. उसाला ठिबक करा, युरिया माती परीक्षणानुसारच टाका. बोअरचा खर्च त्यानंतरच ठरवा.