कळसूबाईची चढण आणि घामाचा हिशेब

उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी पुष्कळजण डोंगर चढायला जातील. आपण कळसूबाईचे उदाहरण घेऊ. हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. समुद्रसपाटीपासून त्याची उंची १६४६ मीटर आहे. अकोले तालुक्यातील बारी या गावातून वर जाण्याची नेहमीची वाट आहे, आणि गावापासून माथ्यापर्यंत सुमारे ९०० मीटर उंची गाठावी लागते. कड्याच्या जागी लोखंडी शिड्या बसवलेल्या असल्यामुळे वाट फारशी अवघड नाही, पण खडी मात्र आहे. माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे. तेथून एका बाजूला भंडारदऱ्याचा जलाशय आणि दुसऱ्या बाजूला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले दिसतात. हे सारे पाहण्यासाठी शरीराला किती किंमत मोजावी लागते, ते आता काढू.

समजा, तुमचे वजन ५० किलोग्रॅम आहे. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध तुम्ही केलेले कार्य म्हणजे वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार: ५० × ९.८ × ९०० = ४,४१,००० ज्यूल. म्हणजे सुमारे ४४० किलोज्यूल, किंवा १०५ किलोकॅलरी. पन्नास ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी खाल्ली तर सुमारे १७० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे हिशेबाने महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर एका भाकरीतही चढून व्हावे, वर तिचा तुकडा शिल्लक राहावा! वाट नागमोडी असो की सरळ, उंची तीच असल्यामुळे हे कार्य बदलत नाही.

मग एवढी धाप का लागते? कारण आपले स्नायू हे फार काटकसरी यंत्र नव्हे. अन्नातील जेवढी ऊर्जा ते वापरतात, तिच्यापैकी जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा कार्यात उतरतो. बाकीची उष्णता होते. (मोटारीच्या इंजिनाची गतही बरीचशी अशीच आहे, तेव्हा त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.) पाचवा हिस्सा धरला, तर ४४० किलोज्यूल कार्यासाठी २२०० किलोज्यूल ऊर्जा खर्च होते आणि १७६० किलोज्यूल उष्णता शरीरातच निर्माण होते.

खरा प्रश्न आहे तो या उष्णतेचा. एक किलोग्रॅम शरीराचे तापमान १ अंश सेल्सियसने वाढवायला सुमारे ३.५ किलोज्यूल उष्णता लागते. ५० किलोग्रॅमला १७५. म्हणजे ही सगळी उष्णता आतच कोंडली, तर शरीर १० अंशांनी तापेल. ३७ चे ४७ होईल. माणूस त्याच्या पुष्कळ आधीच कोसळेल. ४० अंशांच्या वरचे तापमानच जिवावर बेतू शकते.

हिवाळ्यात यातील बरीच उष्णता अंगावरून थंड हवेत निघून जाते. मे महिन्याच्या दुपारी तो मार्ग बंद होतो. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवाही तितकीच तापली, तर उष्णता जाणार कोठे? हवा त्याहून जास्त तापली, तर ती उलट आपल्यालाच उष्णता देते. काळा कातळही उन्हाने तापलेला असतो. अशा वेळी एकच वाट उरते, ती म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक किलोग्रॅम घाम वाळताना त्वचेकडून सुमारे २४०० किलोज्यूल सुप्त उष्णता घेतो. म्हणून १७६० किलोज्यूल बाहेर टाकायला पाऊण लिटरच्या आसपास घाम वाळायला हवा. विश्रांतीतही शरीर सुमारे ७० वॅट उष्णता निर्माण करतच असते. ३ तासांच्या चढणीत तिच्यासाठी आणखी पाव लिटरहून थोडा अधिक घाम लागतो. उन्हाची भर वेगळीच. आणि हनुवटीवरून टपकणारा घाम या हिशेबात धरायचा नाही, कारण जो अंगावर वाळतो तोच अंग थंड करतो. माझ्या मते दिवसभरासाठी माणशी ३ लिटर पाणी जवळ असावे, आणि घामाबरोबर मीठही जात असल्याने त्यातले थोडे लिंबू, मीठ, साखर घातलेले असावे.

घाम किती सहज वाळेल, हे हवेतील बाष्पावर अवलंबून आहे. शाळेत हा प्रयोग करून पाहा. दोन सारखे तापमापक शेजारी टांगा आणि एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा. हवा कोरडी असेल तर ओला तापमापक बराच खाली येतो. दमट असेल तर थोडाच. साधा तापमापक दोन दिवशी ३५ अंशच दाखवत असला, तरी ज्या दिवशी ओला तापमापक वर राहील, तो दिवस चढणीला अधिक वाईट.

आता वेगाचे पाहू. शर्यत लावून ३ तासांऐवजी २ तासांत माथा गाठला, तरी कार्य तेवढेच होते. पण चढण्यामुळे होणारी उष्णता दर सेकंदाला १६३ ज्यूलऐवजी २४४ ज्यूल या दराने निर्माण होते, आणि घाम वाळण्याचा वेग काही आपल्या हुकमतीत नसतो. म्हणून सहलीची चाल सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या बेताने ठेवावी आणि पहाटेच निघावे. दुपारच्या धुरळ्यात समोरचे डोंगर तसेही फिकट दिसतात.

माथ्याजवळ हवा पायथ्यापेक्षा साधारण ६ अंशांनी थंड असते आणि वाराही असतो. येथे फसगत होते. घाम फुटल्याबरोबर वाळतो, अंग कोरडे वाटते आणि पाणी प्यायचे राहून जाते. सोबती अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर त्याला ताबडतोब सावलीत न्या, कपडे पाण्याने भिजवा, जोराने वारा घाला आणि वैद्यकीय मदत मागवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये. ओल्या कपड्यांवरचे पाणी वाऱ्याने वाळते आणि घामाचे राहिलेले काम करते.

उतरताना गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूचे, असे म्हणतात. पण वर साठवलेली ४४० किलोज्यूल स्थितिज ऊर्जा पायथ्याशी उरत नाही. मग ती गेली कोठे? प्रत्येक पावलाला मांड्यांचे स्नायू ब्रेकचे काम करतात आणि ती जवळजवळ सगळी उष्णतेत बदलते. ब्रेक लावायलाही स्नायूंना स्वतःची ऊर्जा लागतेच. उतरण बहुधा भर उन्हात येते, म्हणून माथ्यावर पोचताना निम्मे पाणी तरी शिल्लक हवे.