एएफचं निदान झालंय? पैसे आधी कुठे घालायचे आणि नंतर कुठे

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे डॉक्टरांच्या तोंडी 'एएफ', पकडायला साधा बारा लीडचा ईसीजी पुरतो. मुंबई-पुण्या-नाशकात तो २०० ते ५०० रुपयांत निघतो. पुढचा खर्च मात्र महिन्याला पाचशे रुपयांपासून एका फटक्यात पाच-सहा लाखांपर्यंत कुठेही जाऊ शकतो. घरोघरी दिसतं ते असं, की लाखांच्या प्रक्रियेची चौकशी तीन-तीन हॉस्पिटलांत होते आणि रोजच्या गोळीची स्ट्रिप संपली की 'बघू पुढच्या पगाराला' म्हणून ती राहून जाते. या आजारात हा क्रम उलटा हवा.

कारण समजलं की पैशांचं गणितही समजतं. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत विजेचे संदेश मिनिटाला ३५० ते ६०० इतक्या वेगाने आणि बेशिस्त फिरू लागतात. हे कप्पे मग नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. खालच्या कप्प्यांपर्यंत त्यातले काही संदेश कसेही पोचतात, म्हणून नाडी अनियमित लागते. कुणाला धडधड होते, कुणाला जिना चढताना दम लागतो, कुणाला काहीच जाणवत नाही. खरा धोका डाव्या वरच्या कप्प्याला लागून असलेल्या एका छोट्या पिशवीत असतो. तिथे रक्त साचतं, गुठळी धरते आणि सुटून मेंदूकडे जाते. एएफ असलेल्याला पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट असतो तो यामुळे. धडधड नसली तरी हा धोका कमी होत नाही.

(या लेखातले दर खासगी सेवेचे आणि ढोबळ आहेत. गावागणिक, हॉस्पिटलागणिक ते बदलतात, त्यामुळे फोन करून विचारल्याशिवाय जाऊ नका.)

तपासण्या: लागतात त्या आणि लागत नाहीत त्या

पहिली तपासणी फुकट आहे. मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. साठी ओलांडलेल्या आई-वडिलांची महिन्यातून एकदा मोजायला हरकत नाही. ठोके अनियमित लागले तर ईसीजी. एएफ येऊन-जाऊन असेल तर नेमका ईसीजी काढताना ते गायब असतं. मग २४ तासांचं होल्टर लावतात, त्याचे २,००० ते ५,००० रुपये होतात. ईसीजी घेणारं स्मार्टवॉच आधीच हातात असेल तर त्यावरची नोंद डॉक्टरांना जरूर दाखवा, पण तेवढ्यासाठी तीस-चाळीस हजारांचं घड्याळ घेण्यात अर्थ नाही. तेवढ्या पैशांत दोन-तीन वर्षांची औषधं येतात.

निदान पक्कं झाल्यावर टूडी इको (१,५०० ते ३,५०० रुपये) टाळू नका. झडपा कशा आहेत, वरचा कप्पा किती फुगलाय, हृदयाची पंपिंगची ताकद किती, हे त्यातूनच कळतं. सोबत थायरॉइडची टीएसएच, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि साखर. थायरॉइड वाढल्याने एएफ होऊ शकतं आणि क्रिएटिनिनवर औषधाची मात्रा ठरते, म्हणून या दोन्हींना सूट नाही. डॉक्टरांची फी धरून सगळं पाच ते आठ हजारांत बसायला हवं. छातीत दुखणं किंवा तसं दुसरं कारण नसताना फक्त एएफसाठी अँजिओग्राफी सुचवली तर 'कशासाठी?' असं स्पष्ट विचारा. पाच-सात हजारांचं फुल बॉडी पॅकेजही इथे कामाचं नाही.

गोळी: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची

गुठळी होऊ न देणारी गोळी कुणाला लागते हे 'चॅड्स-वास्क' नावाच्या गुणांकनावर ठरतं. हार्ट फेल्युअर, रक्तदाब, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा आजार यांना प्रत्येकी एक गुण. ६५ ते ७४ वयाला एक, ७५ च्या पुढे दोन. आधी पक्षाघात होऊन गेला असेल तर दोन. बाईमाणसाला पूर्वी एक गुण वाढत असे, युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेने तो वगळला. आपले गुण किती झाले, हे डॉक्टरांना विचारून फाइलीवर लिहून घ्या. दोन किंवा अधिक असतील तर गोळी लागतेच, एक असेल तर बोलून ठरवायचं.

पुढचा फाटा झडपांचा. लहानपणच्या संधिवाती तापाने मायट्रल झडप आकसलेली असणं आपल्याकडे अजून दुर्मिळ झालेलं नाही. भारतातल्या हृदयलय-तज्ज्ञांच्या संघटनेने केलेल्या नोंदींत एएफच्या जवळपास निम्म्या रुग्णांना हा झडपांचा आजार होता. अशांना (आणि धातूची झडप बसवलेल्यांना) जुनीच गोळी चालते, वॉरफरिन किंवा तिचं भावंड असलेली असिनोकुमारॉल. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'इन्व्हिक्टस' चाचणीत झडपेच्या रुग्णांना नवीन रिव्हारोक्सॅबॅन देऊन पाहिलं, तेव्हा जुनी औषधंच सरस ठरली. 'नवीन आणि महाग ते चांगलं' असं समजून कुणी गोळी बदलायला सांगितलं तर आधी इकोचा रिपोर्ट पुढे करा.

जुन्या गोळीचा महिन्याचा खर्च १५० ते ४०० रुपये. पण तिच्यासोबत पीटी-आयएनआर ही रक्ततपासणी येते, सुरुवातीला आठवड्याला, मग महिन्याला, दर वेळी २०० ते ५०० रुपये. धातूची झडप नसेल तर आकडा २ ते ३ च्या दरम्यान राहायला हवा. खेड्यातून तालुक्याला जाऊन तपासायचं असेल तर एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज धरा, म्हणजे ही गोळी वाटते तितकी स्वस्त नाही हे लक्षात येईल. हिच्यासोबत पालेभाज्या बंद करतात, ते चूक. पालक, मेथी, अळू यांतलं के जीवनसत्त्व गोळीचा परिणाम कमी करतं हे खरं, म्हणून प्रमाण रोज सारखं ठेवायचं. आठवडाभर काही नाही आणि श्रावणात एकदम वाटीवर वाटी अळूचं फदफदं, असं झालं की आयएनआर हलतो.

झडपा ठीक असतील तर नवीन गोळ्यांपैकी एक घेणं बहुतेकांना सोयीचं: अपिक्सॅबॅन, रिव्हारोक्सॅबॅन, डॅबिगॅट्रॅन. आयएनआर लागत नाही, मेंदूत रक्तस्राव होण्याचं प्रमाण वॉरफरिनपेक्षा कमी. पूर्वी यांचा महिन्याचा खर्च चार-पाच हजारांच्या घरात जायचा. पेटंट संपल्यावर भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि अपिक्सॅबॅनची एक गोळी साधारण १० ते ३० रुपयांना मिळू लागली. दिवसाला दोन, म्हणजे महिन्याला ६०० ते १,८०० रुपये. डॅबिगॅट्रॅन २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्याने त्याच्या कमाल किमतीवर सरकारी नियंत्रण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. डॉक्टरांना ब्रँडसोबत रेणूचं नाव लिहायला सांगा, जनऔषधी केंद्रात विचारा आणि दोन केमिस्टांकडचे भाव बघा. एकाच औषधाच्या दोन स्ट्रिपांत दुप्पट-तिप्पट फरक सहज सापडतो.

या गोळ्यांच्या काही सवयी सांभाळाव्या लागतात. रिव्हारोक्सॅबॅन भरल्या पोटीच नीट शोषली जाते. उपवासाच्या दिवशी नुसत्या चहावर ती घेऊ नका, फराळासोबत घ्या. डॅबिगॅट्रॅनची कॅप्सूल फोडायची नाही आणि मूळ पाकिटातून काढून डबीत भरून ठेवायची नाही, ओलावा लागला की खराब होते. आणि सगळ्यांनाच लागू: एक दिवस चुकवली की संरक्षण गेलं, कारण परिणाम जेमतेम दिवसभर टिकतो. पैसे वाचवायला निम्मी मात्रा घेणारेही बरेच भेटतात. अपिक्सॅबॅनची कमी मात्रा वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, यांतल्या किमान दोन गोष्टी लागू असतील तरच द्यायची असते.

आता अ‍ॅस्पिरिनबद्दल. 'रक्त पातळ करायची गोळी चालू आहे की' असं म्हणणाऱ्याच्या डबीत पुष्कळदा अ‍ॅस्पिरिन निघतं, रुपया-दोन रुपयांचं. एएफमधला पक्षाघात टाळायला त्याचा फारसा उपयोग नाही. २०११ च्या 'अ‍ॅव्हेरोज' चाचणीत अपिक्सॅबॅनने अ‍ॅस्पिरिनच्या तुलनेत पक्षाघात निम्म्याहून कमी झाले, मोठा रक्तस्राव जवळपास तितकाच राहिला आणि फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. स्टेंट बसवला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे अ‍ॅस्पिरिनचा निर्णय डॉक्टर घेतील. बाकीच्यांनी हा प्रश्न पुढच्याच भेटीत काढावा. गुडघेदुखीसाठी केमिस्टकडून परस्पर डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन मात्र घेऊ नका, रक्तस्राव वाढतो.

ठोके आवरणं, लय परत आणणं

वेग आवरायला मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम किंवा डिगॉक्सिन. तिन्ही स्वस्त, महिन्याला शंभर ते चारशे रुपये. लय टिकवायला अमिओडॅरोन देतात. गोळी स्वस्त, पण ती थायरॉइड, यकृत आणि फुप्फुसांना त्रास देऊ शकते, म्हणून सहा महिन्यांनी तपासण्यांचा खर्च धरावा लागतो. भूल देऊन विजेच्या शॉकने लय पूर्ववत करण्याला कार्डिओव्हर्जन म्हणतात, खासगीत साधारण १५,००० ते ५०,०००. एएफ सुरू होऊन ४८ तास उलटले असतील तर आधी तीन आठवडे गोळी (किंवा अन्ननलिकेतून इको करून गुठळी नसल्याची खात्री) आणि नंतर किमान चार आठवडे गोळी, हा नियम आहे.

मोठा खर्च अ‍ॅब्लेशनचा. मांडीच्या शिरेतून तारा हृदयात नेऊन फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांची तोंडं विद्युतदृष्ट्या वेगळी करतात. एएफचे ठिणगीबिंदू बहुतेक वेळा तिथे असतात, हे फ्रान्समधल्या बोर्डो इथल्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवलं, त्यावर हे उभं आहे. थ्री-डी मॅपिंगसह खासगीत तीन ते सहा लाख. पल्स्ड फील्ड हे नवं तंत्र त्याहून महाग. येऊन-जाऊन असणाऱ्या एएफमध्ये वर्षभरानंतर साधारण दहातले सात जण एएफमुक्त असतात. वर्षानुवर्षं मुक्काम ठोकलेल्या एएफमध्ये यश कमी, आणि काहींना दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं. त्रास खूप असेल, औषधं लागू पडत नसतील किंवा हृदयाची ताकद घटलेली असेल, तर हे पैसे सार्थकी लागतात. पण गोळ्यांचा खर्च वाचेल म्हणून अ‍ॅब्लेशन करू नका. नंतर दोन-तीन महिने गोळी लागतेच, आणि पुढे ती चालू ठेवायची की नाही हे चॅड्स-वास्कच्या गुणांवर ठरतं, अ‍ॅब्लेशन यशस्वी झालं यावर नाही.

एस्टिमेट लेखी मागा. त्यात मॅपिंग कॅथेटर नवा धरलाय का, अन्ननलिकेचा इको, आयसीयूचा दिवस, भूलतज्ज्ञाची फी आहे का, दुसऱ्यांदा करावं लागलं तर सवलत काय, आणि हे डॉक्टर वर्षाला अशा किती केसेस करतात, हे विचारा. विचारायला लाजू नका. मुंबईत केईएमसारख्या पालिकेच्या रुग्णालयात हृदयलयीचं काम बरीच वर्षं चालतं. तिथे थांबावं लागतं, खर्च पुष्कळ कमी होतो.

पैसे कुठून

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून सर्व रेशनकार्डधारकांना लागू आहे, पांढरं कार्डही चालतं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण. फुग्याने मायट्रल झडप उघडण्याची प्रक्रिया तिच्यात बसते. अ‍ॅब्लेशनसाठी योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला नेमकं विचारा, पॅकेज कोणतं आणि त्यात मॅपिंग धरलंय का. मदतीचा क्रमांक १५५३८८. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्याचेही पाच लाख. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, मोठ्याला चार.

एक मार्ग फार कमी लोक वापरतात. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. मोठी, झगमगीत नावंही यात येतात. भरती होण्याआधी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा. भरती झाल्यावर, बिल हातात पडल्यावर गेलात तर फार उशीर झालेला असतो.

मेडिक्लेम असेल तर खोलीभाड्याची मर्यादा पाहून खोली घ्या, नाहीतर कंपनी बाकीचं बिलही त्या प्रमाणात कापते. एएफ लपवून पॉलिसी घेऊ नका; आधीच्या आजारासाठी थांबण्याची मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. रोजच्या गोळ्या बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत. त्या खिशातूनच जातात, म्हणून घरात विमा नसलेले साठीपुढचे आई-वडील असतील तर केमिस्टकडून त्यांच्या नावाचं पक्कं बिल घ्या आणि पैसे ऑनलाइन भरा. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्या मुलाला त्या खर्चावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, रोखीने भरलेल्यावर नाही.