२७ फुटांवरून १८ फुटांवर

न्यू जर्सीत घर घेतलं की दोन-तीन उन्हाळ्यांत घरातल्या कुणाला तरी मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव दिसायला लागतो. खोदून, काँक्रीट ओतून करायची ऐपत नसते. मग जमिनीवरच उभा करायचा, ‘अबव्ह ग्राउंड’ पूल. आमच्याकडे तो मला दिसला, तोही चांगला २७ फूट व्यासाचा. प्रत्यक्षात आला १८ फुटी. मधल्या काळात जे उमगलं, ते हे.

१. पूल कुठे बसणार हे आपण ठरवत नाही, जमीन ठरवते. आमचं अंगण मला अगदी सपाट वाटायचं. पूल बसवणाऱ्याने मधोमध खुंटी ठोकली, दोरी ताणून गोल फिरवली, लेव्हल लावली, आणि एका कडेला चांगलाच उतार निघाला. मी म्हटलं, खालच्या बाजूला भर घालू. तो नुसता हसला. भरीची माती पाण्याच्या वजनाने दबते, म्हणून चढाची बाजू खोदून खाली आणायची असते. २७ फुटी पुलात चार फूट पाणी भरलं की ते ६५ टनांच्या आसपास जातं. गावाकडचे गवंडी नळीत पाणी भरून जोत्याची पातळी काढायचे ते लहानपणी तासन् तास बघितलेलं. तरी अंगण डोळ्यांनी मोजायला निघालो होतो.

२. व्यासाचं गणित शाळेत शिकलो, पण अंगी लागलं दुकानात. १८ आणि २७ यांत फरक फक्त नऊ फुटांचा, असं मी बायकोला सांगत होतो. व्यास दीडपट झाला की पाणी सव्वादोन पट होतं, आणि क्लोरीन, पंप, लायनर सगळंच त्याच्या मागे वाढतं. लांबट आकारही बघितला, पोहायला बरा म्हणून. गोल पुलात पाण्याचा दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. लांबट पुलाच्या सरळ बाजूंना मात्र आधार द्यावे लागतात, जागा आणि पैसे दोन्ही जास्त. शिवाय रोज सकाळी उठून लांबच्या लांब कोण पोहणार होतं? मी तर नक्कीच नाही.

३. पाटीवरची किंमत म्हणजे नुसतं हॉलचं भाडं, लग्नाचा खर्च वेगळा. जमीन सपाट करणं, वाळू, इलेक्ट्रिशियन, कुंपण, शिडी, हिवाळ्याचं आच्छादन, हे सगळं एकेक करून समोर येतं. दुकानात मी भिंत स्टीलची घ्यावी की रेझिनची यावर वाद घालत बसलो. शेजाऱ्याने हळूच सांगितलं, “भिंतीचं जाऊ द्या, लायनर आणि फिल्टर बघा.” आतलं ते विनाइलचं अस्तर काही वर्षांनी बदलावंच लागतं आणि फिल्टरशी तर रोजची गाठ. आपण भांडतो ते बहुतेक वर्षानुवर्षं टिकणाऱ्या गोष्टींवरून.

४. अंगण आपलं असलं तरी पाणी गावाचं असतं. टाऊनशिपच्या परवानगीसाठी जागेचा नकाशा, हद्दीपासूनचं अंतर, विजेच्या जोडणीची तपासणी, कुंपण निदान ४८ इंच, फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं, आपोआप मिटणारं आणि आपोआप कडी लागणारं. मी वैतागलो. आम्ही पाठीला डबा बांधून, कठडा नसलेल्या विहिरीत पोहायला शिकलो होतो. काकाने वरून ढकललं की शिकवणी सुरू. पण अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंत बुडून मरण्याचं कारण सगळ्यात वर आहे, हे वाचलं आणि गप्प बसलो. आम्ही वाचलो म्हणून विहीर सुरक्षित ठरत नाही.

५. पाणी मोजायला लागलं की आपलं गाव आठवतं. आम्ही मराठवाड्यातले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, तेव्हा एकेका वाघिणीत साधारण ५० हजार लिटर होतं. माझ्या २७ फुटी स्वप्नात त्याहून जास्त, ६५ हजार लिटर पाणी मावत होतं. इथे पाऊस भरपूर, इथलं पाणी वाचवून लातूरला जाणार नाही, हे मला कळत होतं. तरीही आईला फोनवर आकडा सांगवेना. १८ फुटीचा सांगितला, २९ हजार. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग तिने विचारलं, “दर वर्षी ओतून देता?” नाही म्हटलं, तेच पाणी साफ करून पुढे वापरतात, हिवाळ्यात झाकून ठेवतात. “मग हौदच की,” म्हणाली आणि विषय मिटला. माझा आकारही तिथेच ठरला.

६. पाणी स्वच्छ दिसणं आणि स्वच्छ असणं यांत एक कागदाची पट्टी असते. ती बुडवायची, बाटलीवरच्या रंगांशी ताडून बघायची. पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये हवा, क्लोरीन शून्याला टेकता कामा नये. संध्याकाळच्या उजेडात आम्ही दोघं पट्टी धरून उभे असतो. मला ती गुलाबी दिसते, बायकोला केशरी. ऊन क्लोरीन खातं म्हणून ते सूर्य कलल्यावर टाकायचं, हे रसायनशास्त्रात पदवी असून मला शेजाऱ्याने शिकवलं. गढूळ पाण्यासाठी दुकानातून महागडी पावडर आणली. डब्यावर वाचलं तर तुरटीच्याच जातीची. आजी पावसाळ्यात घागरीत तुरटी फिरवायची, ती फुकट.

७. मुलांसाठी घेतलेल्या पुलात सगळ्यात कमी वेळ मुलंच असतात. इथला मोसम मेच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा. तळ सगळीकडे सारखा, पाणी छातीपर्यंत, सूर मारायला सक्त मनाई. मुलाला उडी हवी, तो गावच्या मोठ्या तलावावर जातो. आमच्या पुलात उतरते ती आई, उन्हाळ्यात इथे आली की पंजाबी ड्रेस घालून, एका हाताने कड धरून. तिला कधीच पोहता आलं नाही, आणि इथे तिला पोहायचंही नसतं. मुलगा म्हणतो, निदान २४ फुटी तरी घ्यायचा होता. त्याचं घर झालं की त्याने खुशाल घ्यावा. क्लोरीन टाकायला मी येईन, पाण्याची परवानगी मात्र त्याने आजीकडून काढावी.