५जी फोनसाठी कर्ज काढण्याआधी

ताईंनो, गटातून कर्ज काढून ५जी फोन घेणार असाल, तर आधी गावात ५जी येतं का ते बघा. जिओ-एअरटेलचं ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं. व्होडाफोन-आयडियाकडे पैशांची चणचण, त्यांचं मुंबईत यायला मार्च २०२५ उजाडला. बीएसएनएलला देशी यंत्रणाच वापरायची होती, म्हणून त्यांचं ४जीसुद्धा रखडलं. आणि कंपन्यांची चढाओढ आधी शहरात, गिऱ्हाईक तिथेच दाट ना! बैठकीत वेगवेगळ्या सिमवर एकच व्हिडिओ लावून बघा, लगेच कळेल.

कंपनी बदलली तरी नंबर तोच राहतो. इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, जागा सोडून आपला नंबर टाका, १९०० वर मेसेज करा. आलेला कोड दुकानातच दाखवा, फोनवर कुणालाही सांगू नका. जुना रिचार्ज मात्र बुडतो, तो संपत आल्यावरच बदला.