नाथांची आरती, स्वामींची त्रिपदी

आमच्या देवळात सांजेला आधी दत्ताची आरती, मग करुणात्रिपदी. आरती सोळाव्या शतकातल्या एकनाथ महाराजांची, त्रिपदी प. पू. टेंबे स्वामींची (१८५४–१९१४). मध्ये तीनशेहून अधिक वर्षं गेली. दोन्हींत भक्त दत्तासमोरच उभा आहे. पण नाथांकडे दत्तमहाराज आपण होऊन येतात, आशीर्वाद देतात, आणि शेवटी मी-तूपण उरतच नाही. त्रिपदीतला भक्त अपराधी आहे. रागावलेल्या आईची मनधरणी करावी तसं त्याचं बोलणं. दुसऱ्या पदात तर तो गुरुचरित्रातले दाखलेच काढतो: पोटशुळाने तळमळणारा ब्राह्मण, चोरांनी मारलेला ब्राह्मण. त्यांच्यासाठी धावलात ना, मग माझ्या वेळीच का थांबलात, असा रोख. (याला मी तक्रार म्हणणार नाही, लेकराचा हक्क आहे तो!)

खरं सांगू? आरती मी सवयीने म्हणतो. पण धाकट्या भावाशी वाटणीवरून धरलेल्या अबोल्याला अकरा वर्षं झाली. तिसऱ्या पदात स्वतःच्या अपराधाचा उल्लेख आला की आवाज अडतो. बाकीचे म्हणत राहतात, मी नुसता टाळ धरून उभा.