कथलाचा चंबू आणि घरचे सार

चेन्नईच्या मैलापूर भागातील भांड्यांच्या दुकानांत पितळेच्या घागरी आणि स्टीलचे डबे यांच्या शेजारी एक लहानसे, रुपेरी, गोलसर भांडे विकावयास ठेवलेले असते. तमिळ भाषेत त्यास ‘ईयच्चोंबु’ म्हणतात. चोंबु म्हणजे आपला चंबूच. आणि ईयम् म्हणजे, या ठिकाणी, कथील. पितळेच्या भांड्यास आतून कल्हई केलेली सर्वांनी पाहिलेली असते; हे भांडे मात्र आतबाहेर सर्वस्वी कथलाचेच. कुंभकोणम् हे गाव अशा भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्यात बहुधा एकच पदार्थ केला जातो व तो म्हणजे रसम्.

चेन्नईतील जुन्या मराठी कुटुंबांतही हा चंबू पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आढळतो. ही कुटुंबे मूळची तंजावरची. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी 1676च्या सुमारास तेथे राज्य स्थापले आणि 1855 मध्ये ते इंग्रजांनी खालसा केले. त्यानंतर, काही घरे तर त्यापूर्वीच, विद्या व नोकरी यांच्यासाठी मद्रासेस आली. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण झालेले राजा सर टी. माधवराव (1828–1891) अशाच एका घराण्यातले. जन्म कुंभकोणमचा, शिक्षण मद्रासचे. या घरांच्या चुलीवर दोन भाषा एकत्र नांदल्या. आपले डांगर तेथे ‘डांगर पच्चडी’ झाले, वांग्याची ‘रसवांगी’ झाली, आणि चिंचेचे सार कथलाच्या चंबूत उकळू लागले. तंजावरच्या राजवाड्यातील पाककृती मोडी लिपीत लिहून ठेवलेल्या आहेत. परंतु सामान्य घरांत कृती कागदावर क्वचितच उतरली. ती सासूने सुनेला सांगितली, आणि तीही बहुधा निषेधाच्या रूपाने.

ते निषेध असे : चंबू रिकामा विस्तवावर ठेवू नये; आधी चिंचेचे पाणी ओतावे, मग जाळ लावावा. त्यात फोडणी करू नये. ती लोखंडी पळीत वेगळी करून वरून घालावी. सार फेसाळून वर येताच खाली उतरवावे, आटू देऊ नये. चंबू सांडशीने दाबून धरू नये. यांची कारणे घरात कोणी विचारीत नसे, आणि विचारली तरी ‘भांडे जाईल’ याहून अधिक उत्तर मिळत नसे.

हे उत्तर अक्षरशः खरे आहे. कथील 232 अंश सेंटिग्रेडला वितळते. गॅसच्या ज्योतीचे उष्णतामान हजार अंशांच्याही वर असते. अशा ज्योतीवर कथील टिकते कसे, हे समजण्यासाठी शाळेत सहज करता येण्यासारखा एक प्रयोग आहे. कागदाचा द्रोण करून त्यात पाणी भरावे आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली तो मेणबत्तीवर धरावा. पाणी तापते, पण द्रोण जळत नाही. कागदास मिळालेली उष्णता पाणी तत्काळ घेऊन जाते, आणि पाणी स्वतः 100 अंशांच्या फारसे वर जाऊ शकत नाही. चंबूतील सार हेच काम करते. सार आहे तोवर त्याला लागून असलेल्या धातूचे उष्णतामान वितळबिंदूपासून पुष्कळ खाली राहते. सार आटले की हा पहारा उठतो, आणि थोड्याच वेळात भांड्याच्या बुडाचा रुपेरी गोळा शेगडीवर सांडतो. नव्या सुनेच्या हातून असे घडल्याच्या गोष्टी बहुतेक घरांत सांगतात. फोडणीचेही तसेच. मोहरी तडतडण्याइतके तापलेले तेल 200 अंशांच्या आसपास जाऊ शकते. तेथून 232 हे अंतर इतके थोडे आहे की क्षणभराच्या दुर्लक्षाने ते ओलांडले जावे. फेस येताच उतरविण्याच्या नियमात भांड्याचे रक्षण आहे, तसेच मिरी, जिरे व हिंग यांची उडून जाणारी सुगंधी द्रव्येही त्याने सारात अधिक टिकतात.

इतकी नाजूक धातू चुलीवर चढविण्याचे कारण चिंचेत आहे. चिंचेत टार्टारिक आम्ल असते. पितळेच्या उघड्या पृष्ठभागावर आम्ल पदार्थ राहिला तर तांबे विरघळून पदार्थ हिरवट व तुरट होतो. ताक कळकले, असे आपण म्हणतो ते हेच. कथलावर सौम्य आम्लांचा परिणाम फार मंदगतीने होतो. महाराष्ट्राने यावर उपाय म्हणून कल्हई केली. तमिळ घरांनी सारापुरते सबंध भांडेच कथलाचे केले. हे कथील समुद्रापलीकडून, मुख्यतः मलाया द्वीपकल्पातून, येत असे. कल्हई या शब्दाचे मूळ असलेला अरबी शब्द त्याच किनाऱ्यावरील कलह नावाच्या बंदरावरून आला, असे मानतात.

कथील अगदीच निरुपद्रवी आहे असेही नव्हे. डबाबंद पदार्थांत किलोमागे 250 मिलिग्रॅमहून अधिक कथील असू नये, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. त्याचे प्रमाण फार वाढल्यास मळमळ व पोटदुखी होते. म्हणून उरलेले सार रात्रभर चंबूत न ठेवता काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढावे. परंतु खरा धोका निराळाच आहे.

तमिळमधील ‘ईयम्’ हा एकच शब्द दोन धातूंना लागतो. वेळ्ळीयम्, म्हणजे पांढरे ईयम्, हे कथील. कारीयम्, म्हणजे काळे ईयम्, हे शिसे. प्राचीन रोमन लोकांच्या भाषेतही असेच पांढरे व काळे शिसे होते. आणि तेथे द्राक्षांचा रस शिशाच्या भांड्यांत आटवीत असत, कारण तो अधिक गोड लागे. ती गोडी शिशाच्या क्षारांची होती. शिसे कथलापेक्षा स्वस्त असते व त्यात सहज मिसळते. जुनी भांडी मोडीत घालून पुन्हा ओतताना त्यांत सांधे जोडण्याचे मिश्रण पडले, तरी ते भांड्यात उतरते. तशा मिश्रणाचा वितळबिंदू 183 अंशांपर्यंत खाली येतो. सारातील आम्लाने शिसे थोडेथोडे विरघळते, शरीरात जाऊन हाडांत साठते, आणि मुलांच्या वाढत्या मेंदूस कायमची इजा करते. रक्तातील शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

घरोघरीच्या निषेधांत याविषयी एकही नियम सापडत नाही, यात नवल नाही. भांडे वितळलेले डोळ्यांना दिसते. ताक कळकलेले जिभेला कळते. ज्या चुकीची शिक्षा त्याच दिवशी मिळते तिचा नियम दोन पिढ्यांत तयार होतो. शिसे जिभेला दोष दाखवीत नाही, आणि मूल अभ्यासात मागे का पडले याचा संबंध कोणी सारच्या भांड्याशी जोडीत नाही.

मग परीक्षा कशी करावी? निव्वळ शिसे ओळखणे सोपे आहे. ते कागदावर करडी रेघ ओढते आणि आकाराच्या मानाने फारच जड लागते. कथलाची घनता 7.3, तर शिशाची 11.3 आहे. 730 ग्रॅमचा शुद्ध कथलाचा चंबू पाण्यात पूर्ण बुडविल्यास 100 घन सेंटिमीटर पाणी बाहेर सारील. तेवढ्याच वजनाचा शिशाचा चंबू सुमारे 65. मात्र कथलात वजनाने दहावा हिस्सा शिसे असल्यास बाहेर पडणारे पाणी 96 घन सेंटिमीटरांहून थोडे अधिक भरेल. हा फरक घरच्या मापाने धरता येणार नाही, आणि दहावा हिस्सा हे प्रमाण अतिशय घातक आहे. यासाठी क्ष-किरणांच्या साहाय्याने धातूचे घटक ओळखणारे यंत्र लागते. ते अनेक धातुपरीक्षण प्रयोगशाळांत असते, आणि भांड्यास ओरखडाही न उठता काही मिनिटांत उत्तर मिळते.

चंबू आजीचा आहे की काल विकत घेतलेला, यावरून काही ठरत नाही. जुना चंबूही कधी तरी मोडीतून ओतलेला असू शकतो. परीक्षा झालेली नसेल तोवर चंबू फळीवर ठेवावा आणि सार स्टीलच्या पातेल्यात करावे. त्यात फोडणी करावयास हरकत नाही; तरी चेन्नईतील कित्येक घरांत ती अजूनही लोखंडी पळीतच होते.